एकतीस मैत्रिणींचा तक्ता

९ जुलै

छोटे,

पाकीट उलटसुलट करून पाहू नकोस. पत्र तुलाच आहे आणि अक्षर माझंच आहे. पत्ता आत्याकडून घेतला. "कशाला हवाय?" असं तिने तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा सांगितलं, शाळेचं काम आहे. तिला हल्ली कमी ऐकू येतं, तरी तिसऱ्या वेळी तिने तोंड वाकडं केलं ते मला दिसलं.

काम खरंच शाळेचं आहे. अकरा वर्षांनी उगाच लिहिलेलं पत्र तुला आवडायचं नाही आणि मला ते जमायचंही नाही.

पुढच्या सोमवारी आमच्याकडे एक परदेशी मुलगी येते आहे. देवाणघेवाण योजना म्हणतात तिला. यंदा त्यांची मुलगी इकडे वर्षभर, आणि सगळं नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी आमची तिकडे. नववीत बसेल. तू राहतेस त्याच देशातली आहे, म्हणून तुला विचारायचं सुचलं. आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, नव्या आहेत आणि उत्साही आहेत. सगळी शाळा त्यांनी कामाला जुंपली आहे. जिन्याचे कठडे रंगवले. मुलींच्या स्वच्छतागृहाला दारं बसली. त्या दारांसाठी मी नऊ वर्षं अर्ज करत होते, पाहुणी येणार म्हटल्यावर ती आठ दिवसांत आली. शिपाईमामा म्हणतात, दरवर्षी एक पाहुणी मागवा, गच्चीसुद्धा गळायची थांबेल.

ती उतरणार माझ्याकडे. बाकीच्यांच्या घरी नवरे आहेत, सासवा आहेत, दहावीची मुलं आहेत. माझ्याकडे खोल्या आहेत. मागची एक खोली झाडूनपुसून ठेवली आहे.

तेव्हा एवढं कळव. तिकडच्या पोरींना सकाळी उठल्या उठल्या काय लागतं? आंघोळ सकाळी करतात की संध्याकाळी? आपण विचारपूस केलेली त्यांना आवडते की न केलेली? आणि रुसल्या तर ओळखायचं कसं?

चार ओळी पुरेत. इथे ठीक आहे. गुडघे कुरकुरतात. शाळेचं वेळापत्रक अजून मीच लावते, यंदाचं बाविसावं.

ताई


२ ऑगस्ट

छोटे,

उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो अशी स्वतःची समजूत घातली आणि पुन्हा लिहायला बसले.

पाहुणी आली. सगळे तिला पाहुणीच म्हणतात. तिचं खरं नाव तिच्यासारखं म्हणता येत नाही आणि आमच्यासारखं म्हटलं तर ती ओ देत नाही. आपली भाषा ती तिकडे दोन वर्षं शिकली आहे. सावकाश बोलते, पण कळतं.

स्वागताची रंगीत तालीम तीनदा झाली. ड्रिलच्या बाई पाहुणी व्हायच्या. फाटकातून यायच्या, फुलं घ्यायच्या, हात हलवायच्या. तिसऱ्या वेळी त्यांना इतकं भरून आलं की डोळे पुसायला लागल्या. गणिताचे सर म्हणाले, "बाई, आता त्या पोरीला आणायची गरज काय? तुम्हीच राहा वर्षभर."

प्रत्यक्ष दिवशी आम्ही सगळे पुढच्या फाटकाकडे तोंड करून उभे. बँड वाजतोय, फलक धरलाय, मोठ्या बाई हातात फुलं घेऊन. टॅक्सीवाल्याला ठाऊक होतं मागचं फाटक. त्याने पोरीला तिथे उतरवलं आणि तो गेला. ती मागून आली, बघते तर सगळी शाळा पाठमोरी. हिला वाटलं, कुणीतरी मोठं माणूस येणार असेल. बॅग खाली ठेवून तीही टाळ्या वाजवायला लागली. चांगली दहा मिनिटं ती आपल्याच स्वागताला उभी होती. शेवटी शिपाईमामा मागे वळून म्हणाले, "ही कोण?"

त्यावर सगळे खूप हसले. तीही हसली. मला मात्र त्या दिवशी दमल्यासारखं झालं, का ते सांगता येत नाही.

मग मीटिंग. मोठ्या बाई म्हणाल्या, "तिला एक क्षणही एकटं वाटता कामा नये." वर्गात आधीच मारामारी सुरू होती, तिच्या शेजारी कोण बसणार यावरून. दोन आयांचे फोन येऊन गेले होते. मोठ्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मग सगळेच. कुठेही वाटणी करायची झाली की लोक माझ्याकडे बघतात.

वर्गात मुली एकतीस. मी तक्ता केला. एकेका मुलीचा एकेक दिवस. त्या दिवशी बाकावर शेजारी तिनेच बसायचं, मधल्या सुट्टीत डबा तिच्याबरोबर खायचा, शाळा दाखवायची, बसपर्यंत सोडायचं. एकतीस झाल्या की पुन्हा पहिलीपासून. खाली तांबड्या शाईने टीप: गैरहजर राहिल्यास दिवस भरून मिळणार नाही. घरात एक पाठकोरा पुठ्ठा पडून होता, चांगला जाड, त्यावरच चिकटवला. भांडणं एका दिवसात थांबली. मोठ्या बाईंनी तक्त्याचा फोटो काढून वरच्या कार्यालयात पाठवला. म्हणाल्या, "असं कुणाला सुचलं नसतं."

एक विचारायचं राहिलं. घरी आली की ती खोलीत जाते आणि दार लावून घेते. हा राग समजायचा का?

ताई


२१ ऑगस्ट

छोटे,

तुझं कार्ड मिळालं. ‘दार बंद म्हणजे राग नव्हे. टकटक करून आत जावं. आंघोळ संध्याकाळी.’ शेवटी नावही नाही. तरी मी ते तीन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडते आहे.

तू म्हणालीस तेच खरं निघालं. टकटक केली तर आतून "या" आलं. ती पलंगावर मांडी घालून बसली होती, वही पुढ्यात. "काम करतेस का?" विचारलं तर "नाही, बसले" म्हणाली. मी थोडा वेळ उभी राहिले. "गरम पाणी तापलंय" म्हटलं आणि आले.

मागच्या पत्रात मी मागची खोली असं लिहिलं. तुला कळलंच असेल. तुझी खोली. पलंग तोच आहे, खिडकीची काच मात्र बदलली. तुझ्या कपाटाचा वरचा खण मी रिकामा केलेला नाही, तिला खालचे दोन दिले आहेत.

तक्ता झकास चालला आहे. अठ्ठावीस मुली झाल्या. रोज संध्याकाळी विचारते, "आज कसं झालं?" रोज म्हणते, "आज छान झालं." एक आहे, शाळेत दाखवण्यासारख्या गोष्टी तीनच: प्रयोगशाळेतला सांगाडा, वाचनालयातलं बंद पडलेलं मोठं घड्याळ आणि गच्चीवरून दिसणारी टाकी. प्रत्येक मुलगी इमानाने तिला हे तिन्ही दाखवते. परवा मी प्रयोगशाळेवरून जात होते. त्या दिवसाची मुलगी सांगत होती, "हा आमचा सांगाडा." पाहुणीने पुढे होऊन सांगाड्याचा हात हातात घेतला आणि हलवला. "आम्ही भेटतो रोज," ती म्हणाली. मुलगी हसली. मीही हसत पुढे गेले. जिन्यावर पोचल्यावर हसू राहिलं नाही.

गेल्या आठवड्यात दोन दिवस ती नीट जेवली नाही. डोकं दुखतं म्हणाली. आज कसं झालं विचारलं, तर छान झालं म्हणाली.

तिकडे थंडी कधी सुरू होते? तिचे कपडे पातळ वाटतात.

ताई


१९ सप्टेंबर

छोटे,

दुसरी फेरी सुरू होऊन तीन आठवडे होत आले. आणि आज जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होतो. तिला ते काम आवडतं. मध्येच म्हणाली, "बाई, मी घरी जाऊ का?"

"घरीच आहेस की."

"नाही. माझ्या."

मी विचारलं, कुणी काही बोललं का? नाही. जेवण? चांगलं आहे. अभ्यास? ठीक. मग? ती शेंगा सोलत राहिली. म्हणाली, "सगळ्या चांगल्या आहेत. रोज एक नवीन येते. विचारते, घरी कोण कोण. मी सांगते, आई, वडील, भाऊ, आणि मांजर, त्याला एकच डोळा. ती हसते, विचारते, एकच का? मी सांगते. मग सांगाडा, घड्याळ, टाकी. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिला पण सांगते. आता पहिल्या परत येतात. त्या पण विचारतात, घरी कोण कोण. विसरल्या. त्यांचा दोष नाही. एकच दिवस होता."

मग म्हणाली, "मांजर मेलं."

"अगं! कधी?"

"ऑगस्टमध्ये. आईने फोनवर सांगितलं."

मला आठवले ते न जेवलेले दोन दिवस. म्हटलं, "बोलली का नाहीस गं कुणाला?"

ती म्हणाली, "कुणाला? मेलं सांगायला, आधी जिवंत होतं ते माहीत असलेलं माणूस लागतं. जी आज आहे तिला मांजर माहीत नाही. जिला माहीत आहे तिचा दिवस गेला." पुढची शेंग उचलून म्हणाली, "म्हणून मी सांगते, आहे. अजून सांगते आहे."

छोटे, मी तिच्याबरोबर एकाच घरात राहते. एका टेबलावर जेवते. मला तिने मांजराचं सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. मी फक्त दिवस कसा गेला ते विचारत होते. मला वाटत होतं, बाकीचं तक्ता बघतोय.

तिने मोठ्या बाईंच्या नावाने अर्ज लिहून ठेवला आहे, सहामाही संपल्यावर परत जाण्याचा. स्वच्छ अक्षरात. कारण लिहिलंय, "वैयक्तिक." उद्या द्यायचा आहे. मी दे म्हटलं. देऊ नकोस कुठल्या तोंडाने म्हणणार?

ताई


६ ऑक्टोबर

छोटे,

तुझं दुसरं कार्ड परवा आलं. एकच ओळ. ‘पाठकोरा पुठ्ठा कुठला, ते लिहिलं नाहीस.’

माझं प्रत्येक पत्र तू नीट वाचतेस, एवढं कळलं. मग आता मीही नीट लिहिते.

पुठ्ठा तोच. बाबा आजारी असताना स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता तो. सकाळ, दुपार, रात्र, सात वार, आणि प्रत्येक चौकोनात ताई किंवा छोटी. तू गेल्यावर मी तो कपाटामागे सरकवला. फेकला नाही. जाड पुठ्ठा होता, कधी तरी उपयोगी पडेल, असं स्वतःला सांगितलं. आणि पडला.

शाळेतला तक्ता मी गेल्या सोमवारी काढून घरी आणला. पाहुणीने टेबलावर तो उलटा पडलेला पाहिला. बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "या दोघींना खूप दिवस मिळाले." तिने गुरुवार दुपारच्या चौकोनावर बोट ठेवलं. तिथे पुठ्ठा मळलाय, बाकी ठिकाणी नाही. "इथे काय झालं?"

तिला सांगितलं नाही. तुला सांगते. तुला माहीत असलेलंच तुला सांगते.

त्या बुधवारी तू शाळेत फोन केलास. मी स्टाफरूममध्ये दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक लावत होते. समोर बदली तासांची वही उघडी होती, म्हणजे कोण गैरहजर आणि तिच्याऐवजी कुणी वर्गावर जायचं ते लिहायची. तू म्हणालीस, "ताई, उद्या दुपारी मला जमणार नाही, महत्त्वाचं काम आहे. बाबांजवळ तू थांबशील?" मी हो म्हटलं. आणि सवयीने समोरच्या वहीत लिहिलं: गुरुवार, दुपार, छोटीऐवजी मी. वही मिटली, कपाटात ठेवली. वहीत नाही ते झालंच नाही, असं मी सगळ्यांना ऐकवते ना? लिहिलं म्हटल्यावर माझ्या डोक्यातून ते गेलं. वही शाळेत राहिली आणि मी घरी आले. भिंतीवर तुझं नाव तसंच होतं.

गुरुवारी मी साडेपाचपर्यंत शाळेत होते. निवांत होते, छोटे. मला वाटत होतं, तू घरी आहेस.

शेजारच्या काकूंना बाबा सापडले. लोक जमले. आत्या मला धरून म्हणाली, "माझा भाऊ एकटा गेला? कोण होतं जवळ?" तेव्हा मी बोट दाखवलं. तुझ्याकडे नाही, भिंतीकडे. सगळ्यांनी त्या चौकोनावर बोट ठेवून वाचलं. तू दारात उभी होतीस, चपला पायातच होत्या. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, हिला लाज वाटतेय.

त्या संध्याकाळी मला खरंच आठवत नव्हतं, यावर विश्वास ठेव अगर ठेवू नकोस. पण तेवढंच सांगून मी सुटत नाही. पुढच्या आठवड्यात शाळेत गेले, वही उघडली. माझंच अक्षर. पान फाडलं, पर्समध्ये ठेवलं. त्यानंतर तू आठ दिवस घरात होतीस. आपण एका टेबलावर जेवत होतो. तू काहीच बोलली नाहीस. आता कळतंय, तू लाजत नव्हतीस, वाट बघत होतीस. मी रोज ठरवत होते, उद्या सांगू. मग तू बॅग भरलीस, आणि मी टॅक्सी बोलावून दिली.

तू का बोलली नाहीस, ते विचारत नाही.

ते महत्त्वाचं काम म्हणजे तिकडच्या नोकरीची मुलाखत होती, हेही मला नंतर कळलं.

आज एवढंच. हात दुखतोय.

ताई


२४ ऑक्टोबर

छोटे,

उत्तराची वाट बघत नाही. दोन गोष्टी झाल्या, त्या सांगायच्या आहेत.

पहिली शाळेतली. तक्ता काढल्यावर मला वाटलं होतं, आता पोरी आपणहून येतील. कुणी आली नाही! सगळ्यांना वाटलं, आज दुसरीचा दिवस असेल. आठवडाभर ती बाकावर एकटी. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "बघा, तक्ता होता तेव्हा निदान कुणी तरी होतं."

आणि मग एक मुलगी व्हरांड्यात माझ्या आडवी आली. वर्गात तिला चिडकी म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. कमरेवर हात. "बाई, माझा दिवस बुडाला."

"कसला दिवस?"

"पाहुणीचा. माझा नंबर आला तेव्हा मला ताप होता. दुसऱ्या फेरीत यायच्या आत तुम्ही तक्ताच काढलात. एकटी मीच राहिले."

"तांबड्या शाईत लिहिलं होतं ना खाली?"

"लिहिलं होतं म्हणून बरोबर होतं का?"

मी म्हटलं, "तक्ता गेला आता. तुला बसायचं तर बस."

"किती दिवस?"

"मला काय विचारतेस? बस जा."

ती बसली. दुसऱ्या दिवशी दोघींचं भांडण झालं, खिडकीवरून. पाहुणीला खिडकी उघडी हवी, चिडकीला बंद. तिसऱ्या दिवशीही तेच. गणिताचे सर तक्रार घेऊन आले की दोघी तासाला एकमेकींच्या वह्या ढकलतात. त्या संध्याकाळी पाहुणी घरी आली ती दप्तर आपटतच. मी विचारलं, "आज कसं झालं?"

"ती मूर्ख आहे!" म्हणाली. "म्हणते, एक डोळ्याचं मांजर मेलं ते बरंच, त्याला नीट दिसत नसणार. मी तिला ढकललं. मग ती रडली. तिची आजी आंधळी आहे. मला काय माहीत! मग मी पण रडले. उद्या मी तिला सांगणार आहे की तिचंच चुकलं."

छोटे, मला इतकं बरं वाटलं की मी चहात दोनदा साखर घातली.

दुसरी गोष्ट. रविवारी आत्याकडे गेले. ज्यांच्यासमोर बोट दाखवलं त्यांच्यातली आता इथे तीच एक उरली आहे. शेजारचे काका वारले, काकू मुलाकडे असतात. ती अंगणात खुर्चीत बसली होती. मी हळू आवाजात सुरुवात केली. ती म्हणाली, "मोठ्याने बोल." पुन्हा सांगितलं. "अजून मोठ्याने." शेवटी मी अंगणात उभी राहून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "त्या गुरुवारी छोटीने मला फोन केला होता! मी हो म्हटलं होतं! चूक माझी होती!" समोरच्या गच्चीत एक बाई कपडे वाळत घालत होती, तिचा हात तसाच राहिला. शेजारची खिडकी उघडली.

आत्याने खिडकीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "माहीत आहे."

"काय?"

"छोटीने जायच्या आदल्या दिवशी सांगितलं मला. म्हणाली, आत्या, ताई स्वतः सांगेल, तोवर तू तोंड उघडू नकोस. मी काय, बसले वाट बघत. तू पत्ता मागायला आलीस तेव्हा वाटलं, आली. तीनदा विचारलं तुला. तू म्हणतेस शाळेचं काम!"

"अगं, मग मला एवढं ओरडायला का लावलंस?"

"ऐकायचं होतं," ती म्हणाली. "मान हलवली असती तर तू कुजबुजून निघून गेली असतीस."

मग तिने मला बसवलं आणि पाणी दिलं. गच्चीतली बाई पुन्हा कपडे वाळत घालायला लागली.

ताई


११ नोव्हेंबर

छोटे,

पाहुणीची परवानगी आली. अर्ज सप्टेंबरचा, मंजुरी आता. तिला आता जायचं नाही. मोठ्या बाईंनी दोन फोन केले, मीही एक केला. तिकडून उत्तर एकच, मंजुरी झाली की तिकीट निघतं आणि तिकीट निघालं की ते बदलत नाही. आमची मुलगी पुढच्या वर्षी जाणार की नाही, तेही आता अधांतरीच. मोठ्या बाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेचं वेळापत्रक पुढच्या वर्षीपासून ड्रिलच्या बाईंकडे द्या, असं मीच लिहून दिलं आहे.

चिडकीने बातमी ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे खिडकीचं राहिलंच." मग तिने वहीचा कागद फाडला आणि पाहुणीपुढे धरला. "पत्ता लिही. मी लेखी भांडेन." पाहुणीने पत्ता लिहिला, आणि खाली टीप लिहिली, तांबड्या शाईने. काय लिहिलं ते दोघी सांगत नाहीत.

आता कामाचं.

विमान तुझ्या शहरात उतरतं. तिचं गाव तिथून आगगाडीने सहा तास. आईवडील गावच्या स्टेशनवर घ्यायला येतील, भाऊ लहान आहे म्हणून तुझ्या शहरापर्यंत त्यांना येता येत नाही. विमानतळावरून तिला योजनेचा माणूस स्टेशनवर सोडून जाईल. गाडीला चार तास आहेत. ते चार तास ती बाकावर एकटी बसणार. तू गेलीस तर बरं होईल.

तिला ओळखायला अडचण पडायची नाही. उंच आहे, केस कानापर्यंत, पाठीवर निळी पिशवी. तिला मुख्य दाराशी शोधू नकोस, ती मागच्या बाजूने येईल असं मला उगाच वाटतं. टकटक करण्यासारखं काही नसेल तिथे, पण थोडं थांबून बोल. काहीतरी खायला दे. आणि मांजराचं विचार. सगळ्यात आधी एकच डोळा का, ते विचार.

तिच्याजवळ एक पाकीट आहे, तुझ्या नावाचं. आत वहीतलं ते पान आहे. काही लिहिलेलं नाही वर, मला सुचलं नाही. पुठ्ठा पाठवला नाही. तो मी परवा पाण्यात भिजवून, फाडून टाकला. भिंतीवर खिळा तेवढा राहिलाय.

खोलीचं सांगायचं तर, ती गेल्यावर खालचे दोन खण रिकामे होतील. वरचा तसाच आहे.

तारीख सत्तावीस. दुपारी दोन ते सहा. वार गुरुवार आहे. मी निवडलेला नाही, तिकीटच तसं निघालं.

जमत असेल तर कळवायची गरज नाही. जमणार नसेल तर शाळेत फोन कर, नंबर तोच आहे. मी लिहून घेईन. आणि या वेळी ते घरी घेऊन जाईन.

ताई